आक्काचा निळा जाळ

माझी थोरली बहीण नऊ वर्षं मुंबईच्या वेशीवरच्या महारोग्यांच्या आश्रमात होती आणि त्या नऊ वर्षांत मी तिला चार वेळा भेटायला गेलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी फार भला भाऊ वाटायला नको.

आमचं गाव भिवपुरीच्या बाजूला, घाटाच्या पायाशी. मान वर केली की घाटावरच्या तलावाचं पाणी खाली आणणारे जाडजूड लोखंडी नळ डोंगराच्या अंगावर दिसायचे. नळ जिथे संपतात तिथे वीजघर, आणि वीजघरात मी फिटर. माझं काम म्हणजे सतत बघत राहणं. ठरल्या वेळी फेरी मारायची, तबकड्यांवरचे काटे बघायचे, यंत्राला हात लावून ते तापलंय का बघायचं, आवाज ऐकायचा, पुन्हा काटे बघायचे. एखादी गोष्ट न बघता सोडली तर साहेब फाडून खायचा. तयार झालेली वीज तारांवरून मुंबईला जायची. तारा आमच्या गावावरून जात, पण गावात चिमण्या रॉकेलच्याच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही रोज बघत होतो.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला खालापूरच्या अंगाला दिली होती. लग्नाला तीन वर्षं झाली नसतील, तोच तिच्या कपाळावर चट्टा उठला. मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या, आणि एके दिवशी तापलेला तवा हाताने उचलला तरी तिला कळलं नाही, वास आल्यावर कळलं. सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून आमच्या दारात आणून सोडली. गाडीवाल्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. वडिलांनी दोन महिने तिला माजघरात लपवलं. कुजबूज वाढली तशी तेच तिला मुंबईला नेऊन आश्रमात ठेवून आले, आणि परत आल्यावर ओटीवर बसून हमसून हमसून रडले. ते फार दिवस जगले नाहीत. आई त्याआधीच गेली होती. मागे मी आणि माझी बायको; पोरं झाली ती पुढे.

चौथ्या भेटीची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. आक्काने मला आश्रमाच्या मागच्या अंगाला नेलं. तिथे दगडी बांधकामाच्या बंद टाक्या होत्या. अख्ख्या आश्रमाची घाण नळांतून तिथे येई. मी नाकाला धोतराचा सोगा लावला तशी ती हसली. तिचे ओठ एका बाजूने ढिले पडले होते, त्यामुळे हसू अर्ध्याच तोंडावर यायचं. टाकीवरून एक लोखंडी नळी निघून शेजारच्या खोलीत गेली होती, आणि तिथे ओट्यावर नळीच्या तोंडाशी जाळ होता. बारीक, निळा, धुराचं नाव नाही. वर पाण्याचं पातेलं.

"वळख, कशावर जळतंय?" ती म्हणाली.

"रॉकेलवर असेल."

"आमच्या घाणीवर." तिला फार मजा वाटत होती. "त्या टाकीत बारीक जीव हायत. डोळ्याला दिसत नाय. घाण खातात आन हा वायू सोडतात. हिथला इंजिनवाला म्हातारा मला समदं सांगतो. म्हंतो, जगात दोन तऱ्हेचे जीव. येक तुमच्यावानी, मोकळी हवा लागणारे. दुसरे आमच्यावानी, झाकून ठेवलेले. त्यांना हवा लागली तर मरतात. झाकलेल्यांचंबी चालतं रं, नाय असं नाय."

तिची बोटं झडली होती. तोटीला लांब दांडा लावलेला होता, तो ती मनगटाने फिरवायची, आणि पातेलं दोन्ही तळव्यांत फडक्याने धरायची. तिने गूळ घालून कोरा चहा केला. दोन कपांत ओतला आणि एक माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, गाडी चुकेल. गाडीला अजून दोन तास होते आणि ते तिलाही माहीत होतं. आधी तिने तिचा कप संपवला, मग माझा.

पुढच्या वर्षी आश्रमाच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिचा रोग आता निवला आहे, तिच्यापासून कुणाला काही होणार नाही, हवं तर घरी जाऊ दे. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. आक्काला घरी यायचं होतं. "मला डोंगर बघायचा हाय," एवढंच तिचं म्हणणं. मी तिला आणली. कागद गावात चार जणांना वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, गावात नको. ओढ्यापलीकडे आमचं भाताचं खाचर होतं, त्याच्या वरच्या अंगाला कारवीच्या कुडाचं खोपट घालून दिलं. माझ्या बायकोला कुणी वाईट म्हणू नये. तिची दोन पोरं अंगाखांद्यावर खेळणारी होती आणि तिला वाचता येत नव्हतं. मला वाचता येत होतं, कागद माझ्याच खिशात होता, तरी मी खोपटापासून दहा पावलांवर एक चपटा धोंडा ठेवला. त्या धोंड्यावर सकाळी ताट ठेवायचं आणि मागे सरायचं. मग ती बाहेर येऊन ताट उचलायची. मी बांधावरून ओरडून बोलायचो, ती दारातून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तिची खरी अडचण जेवणाची नव्हती, विस्तवाची होती. आमच्याकडे कुणाच्या घरची चूल विझली की बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जाते आणि विस्तव घेऊन येते. भाऊबंदकीत डोकी फुटली तरी विस्तवाला कुणी नाही म्हणत नाही. विस्तव नाकारला की ते माणूस गावातून वजा झालं, असा त्याचा अर्थ. आक्काला कुणी विस्तव दिला नाही. मी घरून खापरात निखारे घालून धोंड्यावर ठेवत असे, पण ते जगवायला फुंकर लागते आणि तिच्या ओठांना फुंकर घालता येत नव्हती. काडी ओढायला बोटं नव्हती. कंदील दिला तर तो कलंडून तिचा कोपर भाजला, आणि ते तिला दुसऱ्या दिवशी जखमेतून पाणी झिरपायला लागल्यावर कळलं. मी कंदील परत नेला. त्यानंतर बहुतेक दिवस ती गारच खायची.

"मला माजा जाळ करून दे," एक दिवस ती दारातून म्हणाली. "तितं होता तसा. येकडाव लागला की बारीक करून ठेवीन, इझू देनार नाय. येका जागी ऱ्हातो तो जाळ, अंगावर येत नाय. शेनाचा व्हतो, म्हातारा सांगायचा. आपल्याकडं शेनाला काय तोटा हाय?"

मी म्हणालो, करतो.

"पयला च्या तुला," ती म्हणाली. "पिशील ना आता तरी?"

"आधी जाळ तर होऊ दे," मी म्हणालो. हो किंवा नाही म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

मी मनावर घेतलं ते मात्र खरं. साहेबांना विचारून भंगारातलं एक तेलाचं पिंप आणलं, कापून त्याचा पत्रा सरळ केला. वाकडी नळी सरळ केली. पितळेची एक तोटी होती, तिचे आटे घासून बसवले आणि तिला वीतभर दांडा जोडला. खोपटाला लागून छातीइतका खोल खड्डा खणला, आतून दगड लावून चिखलाने लिंपला. शेण आणि पाणी कालवून भरलं. वर पत्रा, पत्र्याच्या मध्ये नळी, कडेने शेणमाती, वर दगड. नळीचं तोटी असलेलं टोक कुडातून बाहेरूनच आत सारलं. आत तिने ते मातीने बसवलं, भोवती तीन दगड मांडले. ते मला दिसलं नाही, तिने आतून ओरडून सांगितलं. सगळं झाल्यावर मी मिशीला पीळ देऊन उभा राहिलो, जणू घाटावरचं धरण मीच बांधलं होतं.

आणि मग उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. चौथ्याच दिवशी मी शेणमाती फोडून पत्र्याचा कोपरा उचलला. आत गाळ, वर फेस. काडी ओढून धरली, विझली. कोपरा परत लिंपला. दोन दिवसांनी पुन्हा उघडला. वास बदलला होता. बांबू घालून ढवळलं, ताजं शेण टाकलं, झाकलं. मग रोजच. वीजघरात मला बघायची सवय लागली होती आणि न बघता एखादी गोष्ट चालते, यावर माझा विश्वासच नव्हता. कामावर जाताना एकदा आणि परतताना एकदा, मी त्या खड्ड्यापाशी उकिडवा बसून आत डोकवायचो.

आक्काला आवाज जायचा. "उघडू नको रं," ती कुडाआडून म्हणायची. "पावनं जेवाया बसल्यात. सारकं पत्रावळ उचलून बघतं का कुनी, किती खाल्लं म्हनून?"

"न बघता कसं कळणार चाललंय की नाही?"

"त्यांचं त्यांना कळतंय. म्हातारा म्हनायचा, ह्यांचं खानं लई आन मिळनं थोडं. म्हनून सावकाशीनं चालत्यात. त्यांना घाई नाय, आन कुनी बघितलेलं खपत नाय."

वीजघरात तेव्हा पुण्याहून शिकून आलेले एक तरुण इंजिनियर होते. त्यांना मी विचारलं. ते हसले नाहीत, एक पुस्तक काढून त्यातलं मला मराठीत समजावून सांगितलं. पुढे आयुष्यभर मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो, पण त्यांनी नळांकडे बोट दाखवून सांगितलेलं मनात जसं बसलं तसं दुसरं काही बसलं नाही. ते म्हणाले, अन्न म्हणजे घाटमाथ्यावरचं पाणी. आपण श्वास घेतो, त्या हवेच्या जोरावर अन्न पार तळापर्यंत उतरवतो, आणि त्या सबंध उताराची शक्ती आपल्याला मिळते. ज्यांच्या नशिबी हवाच नाही, त्या जंतूंना हा उतार मिळत नाही. ते पाणी एक-दोन पायऱ्याच खाली आणू शकतात, आणि तेवढ्या थेंबभर शक्तीवर जगतात. शेणातले काही जंतू चोथा फोडून त्याचं आंबट पाणी करतात. दुसरे काही त्या आंबट पाण्यावर जगतात आणि वायू सोडतात. हे दुसरे फार सावकाश वाढतात. मिळालेलं इकडेतिकडे उधळायची त्यांची ऐपतच नसते. हवेचा वारा लागला की ते आधी मरतात. आणि जी उंची त्यांना वापरता आली नाही ती त्या वायूत तशीच उरते, म्हणून तर तो वायू पेटतो.

मला हे कळलं. अगदी स्पष्ट कळलं. आणि घरी जाताना मी पुन्हा कोपरा उचलून बघितला. हात शिवशिवायचे त्याला मी काय करू? खड्ड्यातून आता ताकासारखा आंबूस वास येत होता. म्हणजे आंबवणारे माजले होते आणि वायू करणारे बिचारे माझ्या बघण्याने मरत होते. आक्काला वास गेला असणार. ती म्हणाली, "आंबलं वाटतं. चुलीची राख टाक पाटीभर, आंबटपना मरंल. आन आता झाक. माज्या गळ्याची आन हाय तुला."

तिची आण मी दोन वेळा मोडली. वैशाख गेला. काडी विझतच राहिली. ज्येष्ठ उलटायला आला तसा मी चिडलो. चिडणं हा माझा जन्माचा रोग, त्याला कुठला आश्रम नाही. एका संध्याकाळी पाटीभर राख खड्ड्यात ओतली, पत्रा आदळला, हाताला येईल तेवढी शेणमाती थापली, आणि म्हणालो, मर तिकडे. आक्का आतून सगळं ऐकत होती. मी शेणाला बोललो होतो, पण तिने काय समजायचं? त्या दिवसापासून मी खड्ड्याकडे फिरकलो नाही. पाऊस लागल्यावर पत्र्यावर पाणी साचलं, शेणमातीवर चिखल बसला, आणि चिखलावर हरळी उगवली.

आषाढात ओढा भरून वाहायला लागला. साकवावरून जाऊन मी ताट ठेवायचो, ताटावर दुसरं ताट पालथं घालायचो, वर दगड. खापरातले निखारे वाटेतच विझायचे. बायको म्हणाली, भिजून कोळसा होतो त्याचा, कशाला नेता? मी न्यायचं सोडलं. आक्काला खोकला लागला होता. बांधावरून मी विचारायचो, "बरं आहे का?" आणि ती म्हणायची, "हाय." दारात उभं राहणंही तिने कमी केलं होतं. कुडातून नुसता आवाज यायचा.

श्रावणाच्या सुरुवातीला एका सकाळी तिचा आवाज निराळाच लागला, पोरीसारखा. "आत ये की रं जरा. येक गंमत दावायची हाय."

"तिथूनच सांग."

"हितून नाय दावता येत. ये की. शिवत नाय मी तुला, कोपऱ्यात बसते."

मी घोंगडीची खोळ सावरत उभा होतो. मला कामावरची पाळी गाठायची होती, हे खरं. पण पाळीला वेळ होता, हेही खरं. तिचं खोपट उभं केल्यापासून मी एकदाही त्यात गेलो नव्हतो. भीती वाटायची, दुसरं काही नाही. कागदावर डॉक्टरांनी काही का लिहिलेलं असेना. मी म्हणालो, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तिने आत बोलावलं नाही. म्हणाली, "काडेपेटी ठेव धोंड्यावर. कोरडी बघून ठेव."

"तुला कशाला काडेपेटी? ओढता येते का?"

"बघते. येईल."

मला वाटलं, डास फार झाले असतील, धूर करायचा असेल. काडेपेटी पळसाच्या पानात गुंडाळून ताटाखाली ठेवली आणि आलो. तिसऱ्या दिवशी बांधावरून हाक मारली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आलास व्हय." खोकून झाल्यावर म्हणाली, "येतोस का आत? येवढ्यापुरता?"

पाऊस तोंडावर येत होता. मी म्हणालो, "रविवारी सुट्टी आहे. रविवारी नक्की."

"बरं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे मग."

शनिवारी सकाळी गेलो तर आदल्या दिवशीचं ताट धोंड्यावर तसंच होतं. वरचं ताट, वरचा दगड, सगळं तसंच. तेव्हा मी आत गेलो. वाकून जावं लागलं, दार इतकं ठेंगणं केलं होतं मी. ती चुलीच्या तीन दगडांजवळ कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी, लुगडं नीट ओढून घेतलेलं. हात लावला तर गार. नऊ आणि एक अशा दहा वर्षांत मी तिला पहिल्यांदा हात लावला तो असा. तिच्याभोवती जमिनीवर काडेपेटीतल्या काड्या पसरल्या होत्या. मी त्या पायाने बाजूला सारल्या. तेव्हा माझं तिकडे लक्षच नव्हतं.

गावातून कुणी आलं नाही. वरच्या ठाकरवाडीतले दोघं जण, वीजघराच्या कामावर येणारे, न बोलावता आले आणि त्यांनी खांदा दिला. भरल्या ओढ्याच्या काठी ओलं लाकूड पेटेना, म्हणून तिला पुरलं. माझ्या बायकोने त्या दिवशी पोरांना जवळ घेतलं नाही. एकटी परसात उभी राहून रडत होती. मला रडू आलं नाही. कुणाचा तरी राग येत होता, आणि तो कुणाचा ते समजत नव्हतं.

दहावा झाल्यावर गावातले म्हणाले, ते खोपट जाळून टाक. पावसाने जरा उघडीप दिली होती. रॉकेलची बाटली आणि काडेपेटी घेऊन मी दुपारचा गेलो. काही राहून गेलंय का म्हणून आधी आत डोकावलो, आणि मग बसलोच.

जमीन सारवलेली होती. तळहाताने सारवलेली, बोटांचे फराटे नसलेली. तीन दगडांवर पातेलं, त्यात तळाला पाणी. बाजूला फडक्यात बांधलेली चहाची पूड आणि गुळाचा खडा, मुंग्या लागलेला. दोन कप पालथे घातलेले. आश्रमातून तिने आणलेले, एकाचा कान उडालेला. आणि काड्या. मी एकेक उचलून बघितली. एकही जळालेली नव्हती. सगळ्या मधोमध मोडलेल्या होत्या आणि टोकांना दातांचे व्रण होते. बोटं नाहीत, म्हणून तिने काडी दातांत धरून, पेटी तळव्यांत दाबून ओढून बघितली होती. ढिल्या ओठांतून लाळ गळून गूल भिजला असेल. ओली काडी कशी पेटणार? शेवटच्या काडीपर्यंत तिने तेच केलं होतं.

तरीही मला लगेच समजलं नाही. समजलं ते तोटीकडे बघितल्यावर. दांड्याला तिने चिंधी गुंडाळली होती, मनगट घसरू नये म्हणून. तोटी नीट बंद केलेली होती. मी ती फिरवली. सू असा आवाज आला.

मी रॉकेलची बाटली दाराबाहेर ठेवली आणि आमच्या घरच्या पेटीतली काडी ओढली. निळा जाळ लागला. बारीक, स्थिर, धुराचं नाव नाही. आश्रमात होता तसाच. मी रागाने झाकलं आणि बघणं सोडलं, त्या सहा आठवड्यांत त्या अंधारातल्या जिवांनी आपलं काम गुपचूप पुरं केलं होतं. आक्काने तो आवाज ऐकला होता. म्हणून आवाज पोरीसारखा लागला होता. तिला मला नुसतं दाखवायचं नव्हतं, माझ्याकडून एक काडी ओढून हवी होती. आणि ते सांगून टाकलं असतं तर तिचा पहिला चहा मी आधीच ठाऊक असताना प्यालो असतो. तिला तो मला अचानक द्यायचा होता.

जे झाकून ठेवायचं ते मी दिवसातून दोनदा उघडून बघितलं, आणि ज्या दारातून आत जायचं होतं तिथे दहा पावलांवर धोंडा ठेवून थांबलो. हे मी तेव्हापासून कितीदा स्वतःला सांगितलं आहे. सांगून काही हलकं होत नाही. विज्ञानाची पुस्तकं वाचून काही जणांना जग मोठं झाल्यासारखं वाटतं म्हणे. हवेवाचून जगणाऱ्या जंतूंबद्दल मी आजवर पुष्कळ वाचलं. काही इतके चिवट असतात की अन्न मिळेनासं झालं की जाड कवच करून घेतात आणि वर्षानुवर्षं काही न खाता, न हलता, दिवस बरे येण्याची वाट बघत राहतात. ते पान आलं की मी पुस्तक मिटतो.

खोपट मी त्या दिवशी जाळलं नाही. पातेल्यातलं शिळं पाणी टाकून ओढ्यातलं नवं आणलं. गुळावरच्या मुंग्या झटकल्या. पाणी उकळायला वेळ लागला, जाळ बारीकच होता. चहा दोन्ही कपांत ओतला. एक तीन दगडांच्या पलीकडे ठेवला, ती बसली असती तिथे. आधी माझा संपवला. मग तिचाही मीच प्यालो.